गुरुजींचा पाय

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोपुढं नाही, भावकीत नाही, देवापुढंही नाही — देवापुढं तर मी घाईघाईनं हात जोडतो आणि पायऱ्या उतरतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असावं. ओळखीच्या माणसापुढं बोलायला लागलो की जीभ जड होते, आणि मी ऊसतोडीचं काहीतरी विचारून मोकळा होतो.

तर मी सुभाष. निपाणीच्या बाहेर, हमरस्त्याला लागून आमचं गॅरेज आहे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी काढलेलं. गिअरबॉक्सचं काम म्हटलं की संकेश्वरपासून कागलपर्यंतचे लोक आमच्याकडं येतात, आणि आता माझं नाव घेऊन येतात. सुभाषचा हात लागला की गिअर लोण्यासारखा पडतो म्हणे. मी मान खाली घालून हसतो. लोकांना वाटतं, किती साधा माणूस!

साधा कसला डोंबलाचा. ज्या एका गाडीवरून माझं हे नाव झालं, त्या गाडीला मी काहीही केलेलं नव्हतं. म्हणजे — केलं होतं. पण लोक समजतात ते नव्हे. बघा, सरळ सांगायला बसलो तरी आडवाटेनंच चाललोय. महादेवपासून सुरुवात केल्याशिवाय हे जमायचं नाही.

महादेव आमच्याकडं कामाला लागला तेव्हा आम्ही दोघंही विशी ओलांडलेले. त्याच्या घरचे सगळे तंबाखूच्या वखारीत राबलेले, गाडीचं चाक कुणी हातात धरलेलं नव्हतं. मी मालकाचा मुलगा, पेट्रोलच्या वासात वाढलेला. पण गाडीला काय त्याचं? आप्पांची एक रीत होती. गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे, इंजिन चालू ठेवून गिअर टाकून बघायचे आणि आत काय बिनसलंय ते सांगायचे. मी डोळे मिटले की मला नुसता अंधार दिसायचा. महादेवला वर्षभरात जमायला लागलं. आप्पांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे काही आलं, ते मी माझ्या लग्नातसुद्धा बघितलं नाही.

तिथून सुरू झालं. मत्सर हा शब्द पुस्तकातला. आमच्याकडं सरळ म्हणतात, जळतोय. मी जळत होतो. लहानसहान गोष्टींवरून. दुपारी डबा उघडायची वेळ झाली की आप्पा म्हणायचे, "थांब रं, महादेव हात धुतोय." मी समोर बसलेला, भूक लागलेला, आणि भाकरी निवत चाललेली. कुणी गिऱ्हाईक काही विचारायला आलं की आप्पा माझ्या अंगावरून बघून आत हाक मारायचे — महादेव! आणि तो हात पुसत यायचा. बरं, तोऱ्यात तरी यायचा का? नाही. तोऱ्यात आला असता तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो. तो मला मान द्यायचा, मला विचारल्याशिवाय नवीन सामान फोडायचा नाही. अशा माणसाचा राग कसा करायचा सांगा? मी केला.

मग आप्पांचा उजवा हात थरथरायला लागला. पाना नटावर बसेना. एका सकाळी चहा पिता पिता त्यांनी सांगून टाकलं की येत्या खंडेनवमीला, हत्यारांची पूजा झाली की, त्यांची स्वतःची पान्यांची पेटी ते एकाच्या हातात देणार. ज्याच्या हातात पेटी, त्यानं गिअरबॉक्स बघायचा, दुसऱ्यानं सर्व्हिसिंग. एवढं बोलून उठले. कुणाच्या हातात, ते बोलले नाहीत. बोलायची गरज होती का? कोपऱ्यात झाडलोट करणाऱ्या बाईलाही ठाऊक होतं.

गॅरेज माझ्या नावावर व्हायचं होतं, त्याची मला काळजी नव्हती. मला ती पेटी हवी होती. खरं सांगू? पेटीसुद्धा नाही. ती देताना आप्पा ज्या नजरेनं बघणार होते, ती नजर हवी होती.

त्याच दिवसांत निकम गुरुजींची गाडी आली. गुरुजी शाळेतून रिटायर झालेले, लेक बेळगावात दिलेली. दर पंधरवड्याला नवराबायको तिच्याकडं जायचे. गाडीची क्लचप्लेट संपली होती. महादेवनं बॉक्स उतरवला, प्लेट बदलली, सगळं जिथल्या तिथं बसवलं आणि गाडीला घाट दाखवला. हे आमच्या आप्पांचं खास. गिअरचं काम झालेली गाडी तवंदीचा घाट चढवून आणल्याशिवाय मालकाच्या ताब्यात द्यायची नाही. घाटात गाडीचं पोटातलं ओठावर येतं, म्हणायचे. तर घाट दाखवला, गिअर सुरेख पडत होते, गुरुजी खूश होऊन गाडी घेऊन गेले.

चार दिवसांनी परत आले. दुसरा गिअर पडताना कर्रकर्र वाजतोय, रिव्हर्स तर लागतच नाही. सगळ्यांनी महादेवकडं बघितलं. त्याचा चेहरा पडला.

आता गॅरेजची आणखी एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाडी फाटकातून आत आली की आधी पायाखालच्या मॅट बाहेर काढायच्या, धुवायच्या, तारेवर वाळत घालायच्या. आमच्या भागातली काळी माती मेणासारखी चिकटते, आणि गाडी परत देताना ती चकाचक असावी हा आप्पांचा हट्ट. मॅट पुन्हा आत जायच्या त्या अगदी शेवटी, घाट दाखवून झाल्यावर, अगरबत्ती लावून. हे काम माझं. गाडी घ्यायची मी आणि द्यायची मी. मधलं सगळं महादेवचं.

तर त्या दिवशी मी गुरुजींच्या गाडीचं दार उघडलं. आत नवी कोरी मॅट होती, बोटभर जाडीची, केसाळ. क्लचप्लेट नवी झाली त्या आनंदात गुरुजींनी बेळगावच्या खडेबाजारातून आणली होती, आणि जुनी रबरी तशीच ठेवून तिच्यावर अंथरली होती. जुनी कशाला टाकायची, असं ते मला कौतुकानं सांगत होते. टाचेनं पुढं सरकून दोन्ही मॅटचा क्लचच्या खाली गठ्ठा झाला होता. नव्या मॅटवर पेडलचा ठसा उमटलेला. मी हातानं क्लच दाबून बघितला. खालपर्यंत जातच नव्हता. मॅटवर अडत होता.

क्लच पुरता दबत नाही, म्हणून सुटत नाही. सुटत नाही, म्हणून गिअर ओरडतो. बस. एवढंच होतं. गाडीत कसलाच बिघाड नव्हता.

मला त्या क्षणी ओरडून सांगायचं होतं. खोटं नाही बोलत, शब्द तोंडाशी आले होते — पहिल्यांदाच मला आप्पांच्या आधी काहीतरी कळलं होतं! मी वळलो. आप्पा महादेवच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते, म्हणत होते, "व्हतंय की रं. माझ्या हातनं काय कमी चुका झाल्यात?"

माझ्या चुकीला आप्पा असं कधी बोलले होते? एकदा माझ्याकडून एक नट ढिला राहिला होता, तर गिऱ्हाइकासमोर माझी लक्तरं काढली होती. आणि ह्याला — व्हतंय की रं.

मी दोन्ही मॅट ओढून काढल्या, नळाखाली धुतल्या आणि तारेवर टाकल्या. तोंड उघडलं नाही. एक दिवस पोळू दे ह्यालाही, असं मनाशी म्हटलं. उद्या सांगू.

महादेवनं पुन्हा बॉक्स उतरवला. प्लेट उलटी बसलीय का बघितलं, क्लचच्या लाइनीतली हवा काढली, गिअरची केबल ताणून बघितली. काहीच सापडेना. सापडणार कुठून? जोडून घाट दाखवला तर गिअर सुरेख. पायाखाली मॅट नव्हती ना. तो बुचकळ्यात पडून परत आला. आणि मी — इथं जरा थांबतो.

मी त्या मॅट पुन्हा अंथरल्या. आधी जुनी, तिच्यावर नवी. होत्या तशाच. व्यवस्थित, कोपरे दाबून; थोड्या वाटेत गुरुजींच्या टाचेनं त्या पुन्हा पुढं सरकायच्याच होत्या. वर अगरबत्ती ओवाळली.

एवढंच केलं मी. ना नट ढिला केला, ना तेलात काही मिसळलं. मालकाची वस्तू मालकाला जशीच्या तशी परत दिली. कोर्टात उभं केलं तरी कुणी मला दोषी म्हणणार नाही. हे वाक्य मी मनात किती वेळा घोकलंय, काय सांगू? घोकावं लागतं, यातच सगळं आलं.

ह्या खेपेला गुरुजी लेकीकडं निघाले होते, बायको शेजारी. घाटाच्या मध्यावर पुढं ट्रक हळू झाला, म्हणून गुरुजी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यायला गेले. गिअर पडेना. गाडी थांबली, मग मागं घसरायला लागली. मागून उसाचा ट्रक येत होता. त्या ट्रकवाल्यानं बाजूला काढलं म्हणून वाचले. बाई रस्त्याच्या कडेला बसून राहिल्या, गाडीत परत बसेनात. हे सगळं गुरुजींनी गॅरेजमध्ये येऊन सांगितलं. मी जळत होतो महादेववर, आणि मरणार होते हे दोघं. त्यांनी माझं काय घोडं मारलं होतं?

तेव्हा तरी सांगितलं का? मी गाडीचं दार उघडलं आणि मॅट बाहेर काढल्या.

महादेवनं गाडी तिथल्या तिथं चालवून बघितली, पुढं, मागं, रिव्हर्स. सगळं ठीक. पुन्हा बघितली. मग खाली उतरला. घामाघूम झाला होता. तो जे बोलला ते मला आजही शब्दन् शब्द आठवतंय, कारण ते खरं होतं. "आप्पा, गाडीत काय बी न्हाय. गुरुजींचा पाय पुरता दबत न्हाय. गुरुजी, एकदा माझ्यासमोर चालवून दावा."

गुरुजी पांढरेफटक पडले. "इतकी वर्षं गाडी चालवतोय मी. आता तुझ्यापुढं परीक्षा द्यायची होय?"

महादेव सत्याच्या एवढ्या जवळ उभा होता. त्याच्यात आणि सत्यात फक्त ती मॅट होती आणि ती माझ्या हातात होती, पाणी निथळत. गुरुजी रागानं न फुगता सीटवर बसले असते, तरी उपयोग नव्हता. मॅट आत नव्हती. असती तर महादेवनं पहिल्या दाबाला ओळखलं असतं. आमच्या गॅरेजच्या स्वच्छतेनंच त्याचा घात केला. हो, आणि मी.

गिऱ्हाइकाला दोष देणं म्हणजे आप्पांच्या लेखी सगळ्यात मोठा गुन्हा. मी त्यांना तितकं संतापलेलं कधी बघितलं नव्हतं. आपली चूक म्हाताऱ्या माणसाच्या पायावर ढकलतोस, बाई मरता मरता वाचली, आणि तू त्यांनाच चालवून दाखवा म्हणतोस? मला चूक चालती, खोटेपणा चालत न्हाय, म्हणाले. महादेवनं एकदा माझ्याकडं बघितलं. मदत मागत होता बहुतेक. मी मॅट झटकायला वळलो.

आप्पा म्हणाले, सुभाष, ही गाडी तू बघ.

मी बघितली. दिवसभर गाडी रॅम्पवर ठेवली, दाखवायला म्हणून गिअर ऑइल काढून पुन्हा भरलं, चारदोन नट उगाच आवळले. संध्याकाळी सगळे चहाला गेल्यावर जुनी मॅट भंगारात टाकली आणि नवीला क्लचच्या खाली ब्लेडनं अर्धगोल कापलं. गिअर पडतोय ह्या आनंदात गुरुजींचं मॅटकडं लक्षही गेलं नाही; गाडी घेऊन गेले आणि आठवड्यानं पेढे घेऊन आले. सगळ्या निपाणीत सांगत सुटले, पोरानं बापावर ताण केली म्हणून. खंडेनवमीला पेटी माझ्या हातात आली. आप्पांनी हळदकुंकू लावून दिली, माझ्याकडं बघितलंही. पण ज्या नजरेसाठी केलं होतं सगळं, ती ही नव्हती. थकलेला माणूस ओझं उतरवताना बघतो तसं बघितलं.

महादेव लगेच गेला नाही. गेला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. तो सर्व्हिसिंग करत राहिला, आणि माझ्या डोळ्यांसमोर त्याचा हात मोडत गेला. आवळलेला नट पुन्हा आवळायचा. ऑइल बदलून झालं की खाली वाकून बघायचा, गाडी फाटकापर्यंत गेली की मागं पळत जायचा, थांबा थांबा म्हणून, बॉनेट पुन्हा उघडायचा. गिऱ्हाइकं हसायला लागली. ज्याला नुसत्या तळहातानं कळायचं, त्याचा डोळ्यांवरही विश्वास उरला नाही. शेवटी त्याच्या येळ्ळूरच्या सासऱ्यानं बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात त्याला चिकटवलं. बटण दाबायचं, माल निघाला की उचलून ठेवायचा. जाताना आप्पांच्या पाया पडला. आप्पांनी पाय मागं घेतले.

आता तुम्ही म्हणाल, तो गेला, जळणं संपलं असेल. कसलं संपतंय! आप्पा दुपारी एकटे जेवायला लागले. मी हात धुवून येईपर्यंत कधी थांबले नाहीत. एखाद्या गाडीचा गिअर अवघड असला की बसल्या जागेवरून पुटपुटायचे, महादेव असता तर — आणि तिथंच गप्प व्हायचे. माणूस कारखान्यात, सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर, आणि मी इथं त्याच्यावर जळतोय. मी काम शिकलो, खरोखर शिकलो, रागानं शिकलो. आज माझ्या हातात कला आहे हे खोटं नाही. पण आप्पांनी कधी गाडीत बसून, डोळे मिटून माझा गिअर तपासला नाही.

गेल्या वर्षी महादेव आला. केस पांढरे झालेले. एक जुनी गाडी घेतली होती त्यानं, तिचा रिव्हर्स अडकत होता. निपाणीत पाहुण्यांकडं आलतो, म्हटलं दावावी. मी म्हणालो, अरे, हे तुझ्या डाव्या हाताचं काम. तो हसला. म्हणाला, मी गिअरला हात लावत न्हाय आता, तूच बघ.

केबल घासली होती, बदलली. तो बाजूला उभा राहून बघत होता, एकदाही पाना मागितला नाही. मग जवळ आला आणि अगदी हळू विचारलं, "सुभाष, एक इचारू? गुरुजींच्या गाडीत काय हुतं रं? मशीनवर उभा असलो की अजून त्येच डोक्यात येतंय."

गुरुजी वारले होते. गाडी कधीच भंगारात गेली होती. माझं नाव झालेलं होतं, ते त्या एका गोष्टीनं जाणार नव्हतं. सांगायला काहीच हरकत नव्हती — मला अडवणारं जगात कुणी नव्हतं. तो माझ्याकडं बघत होता. शिकायला उभा राहिलेला माणूस बघतो तसा.

"क्लचच्या लाइनीत हवा ऱ्हायलती," मी म्हणालो.

तो विचारात पडला. मी दोनदा काढलती, असं स्वतःशीच म्हणाला. मग मान हलवली. "ऱ्हायली असंल. बरं झालं सांगितलंस. म्हंजे गुरुजींच्या पायाला मी उगंच बोललो."

आप्पा खुर्चीवर बसले होते, आता त्यांना फारसं दिसत नाही. महादेव त्यांच्यापुढं जाऊन जमिनीवर बसला आणि म्हणाला, आप्पा, मी महादेव. ती चूक माझीच हुती, हवा ऱ्हायलती लाइनीत. तुम्ही म्हणालता ते बरोबर हुतं. आणि रडला. वयाची पन्नाशी गाठलेला माणूस, भर दुपारी, गिऱ्हाइकांसमोर रडला — माझ्या चुकीसाठी.

आप्पांनी चाचपडत हात पुढं केला, त्याच्या डोक्यावर ठेवला. थरथरणारा हात त्याच्या केसांवर ठेवल्यावर थांबला. म्हणाले, "व्हतंय की रं." आणि हात तसाच ठेवून त्यांनी डोळे मिटले.

मी चार पावलांवर होतो. सगळं ठाऊक असलेला मी एकटा. मला लाज वाटायला हवी होती. मी त्या हाताकडं बघत उभा होतो, आणि जळत होतो.